नागपूर रस्त्यावरचे मेडिकल

जबलपूर शहराच्या गढा भागात, नागपूरला जाणाऱ्या रस्त्यावर, नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. नागपूरकर आपल्या शासकीय रुग्णालयाला ज्या सवयीने 'मेडिकल' म्हणतात, त्याच सवयीने जबलपूरकरही या साऱ्या परिसराला 'मेडिकल' म्हणतात. शहराच्या जुन्या वस्तीत इंग्रजी अमदानीतील दोन रुग्णालये आजही चालू आहेत: एक जिल्हा रुग्णालय, ज्याला सेठ गोविंददास यांचे नाव मिळाले तरी लोक 'विक्टोरिया' म्हणतात, आणि दुसरे स्त्रियांसाठीचे, ज्याला राणी दुर्गावतीचे नाव मिळाले तरी रिक्षावाला 'एल्गिन' म्हटल्यावरच ओळखतो. किरकोळ दुखण्याला आणि बाळंतपणाला शहर या दोन ठिकाणी जाते. तिथे निभावले नाही, किंवा आजार कोणता हेच उमजले नाही, की चिठ्ठी घेऊन मेडिकलला यायचे, असा इथला शिरस्ता आहे.

या चिठ्ठीवाल्यांचा मुलूख मोठा आहे. मंडला सुमारे १०० किलोमीटर, दिंडोरी त्याहून पुढे, आणि शिवाय सिवनी, बालाघाट, नरसिंहपूर, कटनी, दमोह. म्हणजे नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातला आणि सातपुडा-मैकलच्या डोंगरांतला, गोंड आणि बैगा वस्तीचा बराचसा प्रदेश. सकाळी बाह्यरुग्ण विभागात पर्चीच्या खिडकीपुढे जी रांग लागते, तिच्यात शहरी माणूस रिकाम्या हाताने उभा असतो आणि दूरचा माणूस गाठोडे, पाण्याची बाटली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेले जुने कागद घेऊन उभा असतो. त्याचा अर्धा दिवस आणि बहुधा दोन-तीन दिवसांची मजुरी इथे पोहोचण्यातच गेलेली असते. केसपेपरवर नाव, वय आणि लिंग यांच्याखाली गावाचा रकाना असतो. बहुतेक रुग्णालयांत तो कारकुनी नोंद म्हणून भरला जातो. जबलपूरच्या वैद्यकाचे वैशिष्ट्य असे की इथल्या काही डॉक्टरांनी आणि संशोधकांनी तो रकाना निदानाचा भाग म्हणून वाचला. रुग्ण कोणत्या गावचा, तिथले पाणी कुठून येते, जवळ ओढा आहे की धरण, घरात कोणते धान्य शिजते, हे प्रश्न त्यांनी नाडी आणि तापमान यांच्या बरोबरीने विचारले, आणि या संस्थांनी वैद्यकात जी काही नवी भर घातली ती बहुतांशी या प्रश्नांतून निघाली.

एका राज्यात जन्म, दुसऱ्या राज्यात संसार

जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होते, आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर ते पुन्हा नागपूरच्या कारभाराखाली आले. वैद्यकीय शिक्षणाच्या बाबतीत या राजधानीने जबलपूरला बराच काळ मागे ठेवले. नागपुरात १९१४ मध्ये रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले आणि १९४७ मध्ये पूर्ण वैद्यकीय महाविद्यालय झाले, तेव्हा नर्मदेकाठच्या ज्या मुलाला डॉक्टर व्हायचे असेल त्याला नागपूरची वाट धरणे ओघानेच आले. जबलपूरचे महाविद्यालय १९५५ मध्ये सुरू झाले, तेव्हा ही दोन्ही शहरे अजून एकाच राज्यात होती. पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. त्या राज्याची राजधानी भोपाळला गेली, जबलपूरच्या वाट्याला उच्च न्यायालय आले, आणि ज्या नागपूरच्या आधाराने या भागाचे वैद्यक चालत आले होते ते एका रात्रीत परराज्य झाले. नव्या महाविद्यालयाला स्वतःच्या पायावर उभे राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

महाविद्यालयाला नेताजींचे नाव पुढे मिळाले. या नावाची निवड ज्याने केली त्याला स्थानिक इतिहास ठाऊक असावा, कारण जबलपूरशी नेताजींचा संबंध कैदी म्हणून आहे तसा रुग्ण म्हणूनही आहे. १९३२ मध्ये त्यांना इथल्या मध्यवर्ती तुरुंगात ठेवले होते. मार्च १९३९ मध्ये शहराशेजारच्या त्रिपुरी येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष या नात्याने ते तापाने फणफणलेल्या स्थितीत आले, त्यांना स्ट्रेचरवरून न्यावे लागले, आणि त्यांचे भाषण बंधू शरदचंद्र यांनी वाचून दाखवले. तो ताप राजकीय सोंग आहे अशी कुजबूज विरोधकांत झाली, तिने व्यथित होऊन नेताजींनी 'मॉडर्न रिव्ह्यू' मासिकात आपल्या आजारावर एक लेखच लिहिला. रुग्ण सांगतो त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाच्या नावाला इतका चिकटलेला क्वचितच आढळेल.

तापाचा दवाखाना

मेडिकलच्या आवारालगत, त्याच नागपूर रस्त्यावर, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची एक संस्था आहे. १९८४ मध्ये ती आदिवासींसाठीचे प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र म्हणून स्थापन झाली आणि आता राष्ट्रीय जनजाती स्वास्थ्य संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. रुग्णालय आणि संशोधन संस्था एकमेकांना लागून असणे ही कागदावर साधी गोष्ट वाटते. प्रत्यक्षात तिच्यामुळे एक फेरा पूर्ण झाला: खाटेवरचा रुग्ण पाहून गावात जायचे आणि गावात सापडलेले घेऊन पुन्हा खाटेपाशी यायचे.

याचा सर्वांत ठळक दाखला हिवतापाचा आहे. परिषदेने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातच एक मलेरिया क्लिनिक चालवले. तापाचा रुग्ण आला की बोटाला सुई टोचून रक्त काचपट्टीवर घ्यायचे, एकाच पट्टीवर जाड आणि पातळ असे दोन थर पसरायचे, ते वाळवून, रंगवून, तेलाचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाच्या सर्वांत प्रखर भिंगाखाली शोधायचे, असे ते काम. जाड थरात परजीवी लवकर सापडतो, पातळ थरात तो कोणत्या जातीचा ते कळते. ही जात कळणे महत्त्वाचे असते, कारण वायवॅक्स हा प्रकार माणसाला पुनःपुन्हा छळतो, तर फाल्सिपेरम हा प्रकार मेंदूपर्यंत पोहोचून काही दिवसांत जीव घेऊ शकतो.

डॉ. नीरू सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्लिनिकच्या तीन वर्षांच्या नोंदींतून गर्भवतींच्या नोंदी वेगळ्या काढल्या, आणि १९९९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात जो निष्कर्ष छापला तो आजही या विषयावर उद्धृत होतो. गर्भवतींमध्ये हिवतापाचे प्रमाण इतर स्त्रियांपेक्षा बरेच जास्त होते, पहिलटकरणीला धोका सर्वाधिक होता आणि पुढच्या बाळंतपणांत तो उतरत जात होता, मेंदूचा हिवताप झालेल्या गर्भवतींत मृत्यूचे प्रमाण मोठे होते. हिवताप झालेल्या मातांच्या १५५ नवजातांचे सरासरी वजन, हिवताप नसलेल्या मातांच्या १७५ नवजातांपेक्षा ३५० ग्रॅमने कमी भरले. आधीच अडीच किलोच्या काठावर जन्मणाऱ्या मुलांच्या प्रदेशात ३५० ग्रॅम म्हणजे जगण्या-मरण्यातला फरक. विशेष म्हणजे ही घट सौम्य समजल्या जाणाऱ्या वायवॅक्सनेही होत होती. आफ्रिकेतील अनुभवावरून गर्भवतींचा हिवताप जगाला माहीत होता, पण भारतात त्याचा असा लेखाजोखा मांडणाऱ्या आरंभीच्या कामांत या एका रुग्णालयाच्या नोंदवह्या आहेत.

दुसरे पाऊल रुग्णालयाबाहेर पडले. मंडल्याच्या जंगलातल्या गावी ताप आला तर कार्यकर्त्याने काचपट्टी घ्यायची, ती प्राथमिक केंद्रावर पाठवायची, तिथे तंत्रज्ञाला सवड झाली की ती तपासली जायची, आणि उत्तर परत येईपर्यंत रुग्ण एक तर बरा झालेला असायचा किंवा गेलेला असायचा. १९९० च्या दशकात फाल्सिपेरमचे एक विशिष्ट प्रथिन पकडणारी झटपट चाचणी आली. ती वैद्यकीय प्रशिक्षण नसलेल्या क्षेत्र-कार्यकर्त्यांच्या हाती देऊन जबलपूरच्या गटाने गावातच अजमावली, आणि तिच्यावर विसंबता येते असे १९९७ मध्ये दाखवून दिले. आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीत असलेली, एक थेंब रक्त आणि चार थेंब द्रावण टाकून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची ती पट्टी सर्वांना परिचित आहे. पण डॉक्टराविना निदान हा विचार त्या वेळी अनेक डॉक्टरांच्याच पचनी पडणारा नव्हता.

त्या पट्टीचे दोषही याच संस्थेने शोधले, ही या कामाची अधिक मोलाची बाजू मानावी लागेल. रुग्ण बरा झाल्यावरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात रेंगाळते, त्यामुळे पट्टी नसलेला आजार दाखवते. उलट काही परजीवींत ते प्रथिन बनवणारे जनुकच गळालेले असते, आणि अशा वेळी असलेला आजार पट्टीला दिसत नाही. आठ राज्यांतून जमवलेल्या १,५२१ नमुन्यांपैकी २.४ टक्क्यांत हे जनुक नसल्याचे जबलपूरच्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. आकडा लहान असला तरी, पट्टीवरच सारी मदार ठेवणाऱ्या कार्यक्रमाला तो वेळीच मिळालेला इशारा होता.

धरणाच्या काठाने

डासाचा माग काढताना संशोधकांना राजकारणही आडवे येते. जबलपूरच्या वर नर्मदेवर बरगी धरण झाले, जलाशय भरला, आणि काठावरची गावे अर्धी पाण्याखाली, अर्धी पाण्यालगत अशा स्थितीत राहिली. नीरू सिंग आणि सहकाऱ्यांनी धरणाजवळच्या आणि दूरच्या गावांची तुलना करून जवळच्या गावांत हिवताप अधिक असल्याचे १९९९ मध्ये मांडले. पाण्याची पातळी वरखाली होताना काठाला उथळ डबकी राहतात, झिरपणाऱ्या पाण्याचे ओहोळ तयार होतात, आणि अॅनोफेलिस डासाच्या अळीला नेमके तेच हवे असते. विस्थापितांच्या हालांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जे विस्थापित झाले नाहीत, काठावरच राहिले, त्यांच्या तापाची नोंद मात्र अशा रूक्ष शोधनिबंधांतच सापडते.

मंडला जिल्ह्याला या साऱ्याचे फळ २०१७ नंतर मिळाले. राज्य शासन, संशोधन परिषद आणि सन फार्मा या औषध कंपनीने स्थापन केलेली एक संस्था यांनी मिळून जिल्ह्याच्या नऊ विकासखंडांतील १,२३३ गावांत हिवताप-निर्मूलनाचा पथदर्शी प्रकल्प चालवला. त्याची पद्धत चार क्रियांची होती: तापाचा रुग्ण हुडकायचा, तपासायचा, औषध द्यायचे, आणि औषध पूर्ण होऊन रक्त शुद्ध होईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही. जोडीला कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या आणि फवारणी होती. जून २०१७ ते मे २०२० या काळात स्थानिक संसर्गाचे रुग्ण ९१ टक्क्यांनी घटले. यात एकही औषध नवे नव्हते आणि एकही यंत्र नवे नव्हते. नवी होती ती देखरेख: ठरलेल्या दिवशी कार्यकर्ता गावात गेला की नाही, हे पाहणारे कोणीतरी होते. सरकारी योजनेत बहुधा हेच कलम रिकामे राहते. मजुरीसाठी बाहेर गेलेली माणसे सणासुदीला परततात तेव्हा सोबत परजीवीही येतो, त्यामुळे हा पहारा एकदा बसवून उठवता येत नाही.

पायांवरून पाण्याकडे

मंडला जिल्ह्यातच तिलईपानी नावाचे गाव आहे. १९९० च्या दशकात तिथल्या कितीतरी मुलांचे गुडघे आत वळून एकमेकांवर आदळू लागले होते आणि पोटऱ्या बाहेर फाकल्या होत्या. याच संशोधन संस्थेचे डॉ. तपस चकमा आणि त्यांचे सहकारी या गावात आणि शेजारी गेले तेव्हा कारण हातपंपाच्या पाण्यात मिळाले. ओढ्याच्या आणि उघड्या विहिरीच्या पाण्याने जुलाब होतात म्हणून खोल विंधणविहिरी घेऊन हातपंप बसवले गेले होते, आणि त्या खोलवरच्या पाण्यात खडकातून विरघळलेले फ्लोराइड होते. पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त असू नये असा भारतीय मानकाचा दंडक आहे. इथे ते त्याच्या कित्येक पट निघाले. फ्लोराइड दातांवर तपकिरी डाग पाडते, हाडांत साचते, आणि आहारात कॅल्शियम तोकडे असेल तर वाढत्या वयाच्या मुलाचे हाड शरीराचे वजन पेलताना वाकते.

पंप बंद करून सुरक्षित पाण्याची सोय करणे हा उपायाचा पहिला भाग. दुसरा आहाराचा होता. कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि ड जीवनसत्त्व यांच्या पुरवणीबरोबर संशोधकांनी पावसाळ्यात बांधाबांधावर आपोआप उगवणारी 'चकोडा' ही भाजी खाण्याचा आग्रह धरला. चकोडा म्हणजे आपल्याकडचा टाकळा, जो कोकणात आणि विदर्भात पहिल्या सरीनंतर खुडला जातो. त्यात कॅल्शियम भरपूर असते, तो विकत घ्यावा लागत नाही, आणि वाळवून वर्षभर ठेवता येतो. लहान वयात उपाय सुरू झाले तर वाकलेला पाय काही प्रमाणात सुधारतो, वाढ पूर्ण झाल्यावर मात्र हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रियाच उरते. गोळीपेक्षा रानभाजी पुढे करणारे संशोधन परिषदांतून मिरवता येत नाही, पण तिलईपानीच्या आईला ते त्याच दिवशी अमलात आणता येते.

पायांवरून अन्नपाण्याकडे जाण्याची ही वाट या मुलखात नवी नाही. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव जबलपूरशी जोडले गेले तो विल्यम स्लीमन आपल्या १८४४ च्या प्रवासवर्णनात सागरच्या गावांतील एक अनर्थ नोंदवतो: १८२९ पासून गारपिटीने आणि हवामानाने गहू बुडत गेला, शेतात टिकलेली लाखेची डाळ लोकांनी खाल्ली, आणि काही वर्षांत तिशीच्या आतल्या तरुणांचे पाय कमरेखाली लुळे पडू लागले. लाखेच्या डाळीने होणाऱ्या या पांगळेपणाचे भारतातील ते एक आरंभीचे वर्णन आहे, आणि ते करणारा डॉक्टर नव्हता.

मेंदूतली वाट

मेडिकलमध्ये ज्या शाखेने देशभर नाव मिळवले ती मेंदूच्या शल्यक्रियेची. मेंदूच्या पोकळ्यांत सतत एक पाणी तयार होते आणि वाहून जाते. ते कुठे अडले की पोकळ्या फुगतात, बाळाचे डोके मोठे होते, दृष्टी जाते. क्षयरोगाने मेंदूच्या आवरणाला सूज आल्यावर हे वरचेवर घडते, आणि क्षय या प्रदेशात भरपूर आहे. राज्याच्या उत्तरेकडील सहरिया जमातीत फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे दीड हजाराच्या वर असल्याचे जबलपूरच्याच संस्थेने दाखवले आहे. रूढ उपाय म्हणजे डोक्यातून पोटापर्यंत कातडीखालून नळी टाकणे. ती नळी तुंबते, तिला जंतुसंसर्ग होतो, आणि तसे झाले की काही तासांत शल्यविशारदापुढे यावे लागते. मुंबई-पुण्यात हे जमते. दिंडोरीच्या पाड्यावरून पावसाळ्यात ते जमत नाही.

डॉ. यादराम यादव यांच्या विभागाने म्हणूनच दुर्बिणीच्या पद्धतीवर भर दिला. कवटीला पुढच्या बाजूने लहान छिद्र पाडून बारीक दुर्बीण मेंदूच्या पोकळीत उतरवतात, तिसऱ्या पोकळीच्या पातळ तळाला काही मिलिमीटरचे भोक पाडतात, आणि अडलेले पाणी मेंदूबाहेरच्या मोकळ्या जागेत जाऊ लागते. त्या तळाच्या खालीच मेंदूची एक मुख्य धमनी असते, तिला धक्का लागला तर सारे संपते, आणि क्षयाच्या रुग्णात तो तळ सुजून जाड व अपारदर्शक झालेला असल्याने धमनी दिसतही नाही. ही शस्त्रक्रिया जबलपूरचा शोध नव्हे आणि ती सर्वच रुग्णांना लागूही पडत नाही. पण शरीरात काही ठेवावे लागत नाही, म्हणून तुंबण्यासारखी नळीही नसते, हा तिचा गुण शंभर किलोमीटर लांबच्या रुग्णाला किती मोलाचा आहे हे इथे ओळखले गेले, त्यावर विपुल लेखन झाले, आणि देशातील तरुण शल्यविशारद ती शिकण्यासाठी कार्यशाळांना जबलपूरला येऊ लागले.

याच महाविद्यालयातून १९६७ मध्ये बाहेर पडलेल्या डॉ. मुनीश्वरचंद्र डावर यांनी १९७२ मध्ये दोन रुपये फीवर दवाखाना उघडला आणि २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हाही ते वीस रुपयेच घेत होते. त्यांच्या दवाखान्यात दुर्बीण नव्हती. रुग्णाला परवडेल असे वैद्यक बेतण्याचा हिशेब मात्र दोन्हीकडे एकच दिसतो.

रक्तातला वारसा

फाल्सिपेरमने या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या जी कत्तल केली तिने माणसांच्या रक्तात एक खूण ठेवली आहे. हिमोग्लोबिनचे एक सदोष जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आले तर मुलाला गंभीर हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. दोघांकडूनही आले तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि असह्य वेदना, रक्तक्षय, वारंवार होणारे संसर्ग मागे लागतात. हाच सिकलसेल. मध्य भारतातील त्याचे वाहक नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवले. त्यानंतर नागपूर आणि जबलपूर या दोन्ही शहरांनी आपापल्या बाजूच्या जंगलात तोच आजार पाहिला, कारण राज्याची सीमा आखताना जनुकाला कोणी विचारले नव्हते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करून २०४७ पर्यंत या आजाराचे निर्मूलन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

हे उद्दिष्ट रुग्णालयात गाठले जाणार नाही. हायड्रॉक्सियुरिया या गोळीने वेदनांचे झटके कमी होतात, पण सदोष जनुक गोळीने जात नाही. दोघेही वाहक असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक गर्भाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, आणि वाहकाला स्वतःला काहीच त्रास नसल्याने चाचणीखेरीज ते कळायला मार्ग नसतो. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार किंवा जबलपूरच्या महाकोशल भागात ज्यांची मुळे आहेत अशा वाचकांनी, आदिवासी असोत वा नसोत, घरात लग्न ठरण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी दोघांची चाचणी शासकीय आरोग्य केंद्रात करून घ्यावी, मिळालेले कार्ड आधारकार्डाइतके जपावे, आणि दोघेही वाहक निघाल्यास लग्न मोडण्याची घाई न करता दिवस राहताच पहिल्या तीन महिन्यांत गर्भाच्या तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालय गाठावे.